रेल्वेचा रिपीटर सिग्नल सतत पिवळाच राहतोय, पण आपण जाईपर्यंत ठीक होतो? मग हे करून बघा

नवीन पोरांचे फोन येतात त्यातला निम्मा भाग हाच असतो, "काका, रिपीटर फेल होतोय, ड्रायव्हरने कम्प्लेंट दिलीय, आम्ही गेलो की व्यवस्थित". मग रजिस्टरमध्ये "तपासले, ठीक आढळले" लिहून सगळे घरी, आणि दोन दिवसांनी परत तेच. माझी सगळी नोकरी सिग्नल मेंटेनर म्हणून गेली, त्यातला बराच काळ घाटाखालच्या एका सेक्शनमध्ये, जिथे वळणं आणि डोंगराची कटिंग यामुळे रिपीटर बरेच होते. तेव्हा एकदाच सगळं लिहून टाकतो म्हणजे परत परत सांगायला नको. ज्यांना फक्त रेल्वेची आवड आहे त्यांनी पण वाचा, फक्त ट्रॅकवर जाऊन बॉक्स उघडायच्या भानगडीत पडू नका, हे काम ज्याचं त्यानेच करायचं.

आधी रिपीटर म्हणजे काय ते एकदा स्पष्ट करू, कारण स्टाफमध्ये सुद्धा काही जण त्याला छोटा डिस्टंट समजतात. तसं नाहीये. डिस्टंट सिग्नल हा ड्रायव्हरला ब्रेक मारायला जागा मिळावी म्हणून असतो, आपल्याकडे पहिल्या स्टॉप सिग्नलच्या किमान १ किलोमीटर आधी, आणि जिथे डबल डिस्टंट आहे तिथे २ किलोमीटर. त्याच्यावर पी लिहिलेली चकती असते. रिपीटरचं काम फक्त "दिसणं" एवढंच. सिग्नल वळणाच्या पलीकडे आहे, किंवा पुलाच्या, कटिंगच्या आड आहे आणि ड्रायव्हरला तो जितक्या लांबून दिसला पाहिजे तितक्या लांबून दिसत नाही (आपल्याकडे मल्टिपल ॲस्पेक्टमध्ये, म्हणजे जिथे सिग्नल दोनापेक्षा जास्त संकेत (ॲस्पेक्ट) दाखवतात तिथे, स्टॉप सिग्नल किमान २०० मीटरवरून आणि डिस्टंट ४०० मीटरवरून दिसायला पाहिजे असा हिशोब आहे) तर त्याच्या अलीकडे एक सिग्नल उभा करायचा जो सांगेल की बाबा पुढचा ऑन (म्हणजे अडवून धरलेला) आहे की ऑफ (म्हणजे पुढे जायला मोकळा). पुढचा ऑन असेल तर रिपीटर पिवळा, ऑफ असेल तर हिरवा. लाल नाहीच त्याला. आणि ओळख म्हणजे पांढऱ्या चकतीवर काळा आर किंवा दिव्यात उजळणारा आर.

बॅनर टाइप पण रूल बुकात आहे, पांढऱ्या गोलात पट्टी, आडवी म्हणजे ऑन आणि तिरकी म्हणजे ऑफ. इंग्लंडमध्ये तो अजून जोरात चालतो, तिकडे तर आता पुढचा सिग्नल पूर्ण हिरवा असेल तर गोल पण हिरवा दाखवणारे बॅनर आलेत. आपल्याकडे मी स्वतः काम केलं ते सगळं कलर लाइटवर, त्यामुळे पुढचं सगळं त्याचंच.

आता सर्किट. ड्रॉइंग जागेजागेला थोडं वेगळं असतं पण मूळ कल्पना अशी की मेन सिग्नलचा, म्हणजे रिपीटर ज्याची खबर देतो त्याचा, दिवा खरंच पेटलाय का हे बघणारे रिले असतात (रिले म्हणजे करंट मिळाला की उचलणारा आणि करंट गेला की पडणारा स्विच), पिवळ्यासाठी एचईसीआर, हिरव्यासाठी डीईसीआर, आणि लालसाठी आरईसीआर. त्या त्या दिव्यातून करंट गेला तरच तो रिले उचलतो. एलईडी युनिट असेल तर ११० व्होल्टवर साधारण १२५ मिलिॲम्पिअर करंट, तेवढा गेला तर दिवा आहे असं समजायचं. या एचईसीआर किंवा डीईसीआरच्या फ्रंट काँटॅक्टमधून (रिले उचलल्यावर जुळतो तो फ्रंट, पडल्यावर जुळतो तो बॅक) एक २४ व्होल्टचा फीड केबलने रिपीटरच्या लोकेशन बॉक्सपर्यंत (ट्रॅकशेजारची रिले ठेवायची पेटी) येतो आणि तिथला कंट्रोल रिले उचलतो. तो उचलला तर फ्रंट काँटॅक्टवरून हिरवा, पडला तर बॅक काँटॅक्टवरून पिवळा. बास.

म्हणजे बघा, वायर तुटली तर पिवळा. फ्यूज उडाला तर पिवळा. टर्मिनल सैल झालं, बॅटरी उतरली, कॉइल जळली, पिवळाच. हे मुद्दाम तसं केलंय, काहीही बिघडलं तरी ड्रायव्हरने सावध व्हावं म्हणून. पण त्याचाच त्रास असा की शंभर वेगवेगळ्या कारणांचा चेहरा एकच दिसतो, आणि आपण रिपीटरच्या खांबाखाली उभं राहून खांबाकडेच बघत बसतो. रिपीटर हा नुसता निरोप्या आहे हो. निरोप चुकला तर निरोप्याला मारण्याआधी निरोप निघाला कुठून आणि वाटेत कुठे अडला ते बघायला नको का.

म्हणून पहिलं काम, मीटर काढायच्या आधी, नक्की काय होतंय ते विचारा. "फेल" हा शब्द ऐकून निघू नका. चार प्रकार असतात आणि चौघांची वाट वेगळी. एक, रिपीटर अजिबात पेटतच नाही. दोन, मेन ऑफ असताना हा पिवळा अडकून राहतो. तीन, हिरवा असतो आणि मधेच पिवळा मारून परत हिरवा होतो, आमच्याकडे त्याला डोळा मारतो म्हणायचे. चार, सिग्नल बरोबर आहे पण ड्रायव्हरला दिसत नाही. आणि पाचवा एक आहे, मेन लाल आणि रिपीटर हिरवा. हे कोणी सांगितलं तर मात्र ट्रबलशूटिंग वगैरे काही नाही, एका पण टर्मिनलला हात लावायचा नाही, स्टेशन मास्तरला लगेच सांगायचं, वरिष्ठांना सांगायचं, जसं आहे तसं ठेवायचं. ते अनसेफ साइड फेल्युअर, म्हणजे धोक्याच्या बाजूने झालेला बिघाड, आहे आणि आपण "जरा स्क्रू घट्ट केला" म्हणून पुरावा पण जातो आणि कारण पण जातं.

अजिबात पेटत नाही हा सगळ्यात सोपा. दिव्याला ११० येतंय का, एलईडी युनिट गेलंय का, फ्यूज आहे का. यावर जास्त लिहीत नाही, हे दहा मिनिटात सापडतं. फक्त एक, ड्रायव्हरसाठी दिवा नसलेला सिग्नल म्हणजे त्याचा सगळ्यात कडक ॲस्पेक्ट, म्हणजे इथे पिवळा धरूनच तो चालणार, त्यामुळे गाडीला वेळ लागणारच आणि कंट्रोल ऑफिसचा फोन येणारच, घाबरून जाऊ नका.

आता खरा त्रास, नंबर दोन. मी तुम्हाला माझाच किस्सा सांगतो कारण यात मी पण तीन आठवडे गाढव बनलो होतो.

एप्रिलचा महिना, वळणावर कटिंगमधला रिपीटर. कम्प्लेंट यायची दुपारची, पुढचा सिग्नल हिरवा असताना हा पिवळा. आम्ही ट्रॉली नाहीतर गाडी पकडून पोचेपर्यंत संध्याकाळ, तोवर सगळं छान. पहिल्या वेळी रिले बदलला. दुसऱ्या वेळी परत रिले बदलला, तो पण नवाकोरा. मग एलईडी युनिट बदललं, का बदललं ते आज मला पण सांगता येणार नाही, काहीतरी केलं असं दिसायला पाहिजे म्हणून. केबलला ५०० व्होल्टचा मेगर लावला, इन्सुलेशन उत्तम. रिलेच्या वायर काढून मीटर लावला, २३.६ व्होल्ट, म्हणजे जिथून पाठवले तितकेच पोचतायत, मग अजून काय पाहिजे. डेटा लॉगर (कुठला रिले कधी उचलला, कधी पडला याची नोंद ठेवणारं यंत्र) बघितला तर त्यात मेन सिग्नलचे सगळे रिले बरोबर वेळेला उचललेले, आणि रिपीटरचा रिले तर लॉगरला जोडलेलाच नव्हता कारण तो बाहेर लोकेशन बॉक्समध्ये.

माझ्यासोबत एक जुने खलाशी (आमच्याकडे मदतनीसाला म्हणतात) होते, ते एवढंच म्हणाले, "साहेब, कम्प्लेंट दुपारची आणि आपण येतो संध्याकाळी, रोग्याला ताप उतरल्यावर डॉक्टर आला तर काय बघणार". मग दुसऱ्या दिवशी जेवणाचा डबा घेऊन बारा वाजता तिथे जाऊन बसलो. लोखंडी लोकेशन बॉक्स, हात लावला तर चटका. आणि यावेळी रिले न काढता, चालू सर्किटवर, कॉइलच्या दोन टोकांवर मीटर लावून ठेवला.

मास्तरने सिग्नल दिला, कॉइलवर आले १८.१ व्होल्ट. रिले हलला नाही. रिपीटर पिवळा. पाठवणाऱ्या टोकाला तेव्हा २३.६ च होते. म्हणजे साडेपाच व्होल्ट वाटेत कोणीतरी खाल्ले.

इथे जरा थांबून गणित करा, कारण हेच सगळ्यात कामाचं आहे. दीड स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या तारेला किलोमीटरला साधारण १२.१ ओहम रेझिस्टन्स असतो. आमचं अंतर होतं ९०० मीटर, जाऊन येऊन म्हणजे जवळपास २२ ओहम. रिलेची कॉइल ४०० ओहम. मग २३.६ मधले सव्वा व्होल्ट वाटेत जातील आणि २२.४ च्या आसपास कॉइलला मिळायला पाहिजेत. मिळतायत १८.१. कागदावर २४ व्होल्टचा क्यू टाइप रिले १९.२ व्होल्टपर्यंत, म्हणजे ८० टक्क्यांवर, उचललाच पाहिजे, त्याच्या खाली उचलला तर त्याचा मोठेपणा, नाही उचलला तर त्याची चूक नाही.

मग सकाळी आणि संध्याकाळी का उचलायचा? याला दोन कारणं. सकाळी मी मोजलं तेव्हा तिथे १९.६ येत होते, म्हणजे काठावर पास. आणि दुसरं, जे मला आधी कधी डोक्यात आलं नव्हतं, ते म्हणजे कॉइल स्वतः तांब्याची असते. तांबं तापलं की त्याचा रेझिस्टन्स वाढतो, दर डिग्रीला साधारण ०.३९ टक्के. २० डिग्रीला ४०० ओहम असलेली कॉइल ६० डिग्रीच्या बॉक्समध्ये ४६० च्या वर जाते. रिले उचलतो तो करंटवर, व्होल्टवर नाही, त्यामुळे थंडीत साडेसोळा व्होल्टवर उचलणाऱ्या त्याच रिलेला उन्हात एकोणीस व्होल्ट लागतात. म्हणजे एका बाजूने व्होल्टेज कमी झालेलं आणि दुसऱ्या बाजूने रिलेची भूक वाढलेली, आणि दोघांची गाठ दुपारी एक ते चारमध्ये पडायची.

आणि रिलेच्या वायर काढून मोजले तेव्हा २३.६ का दिसायचे? कारण मीटर करंट घेतच नाही जवळपास. करंट नाही तर वाटेत व्होल्ट पडणारच नाहीत, मग जॉइंट कितीही सडलेला असो. नळ बंद असताना पाइपमध्ये प्रेशर पूर्णच दाखवणार, तोटी उघडल्यावर कळतं की पाइप गाळाने भरलाय. आणि मेगर तर वेगळीच गोष्ट तपासतो, तार जमिनीकडे किंवा शेजारच्या तारेकडे गळतेय का ते, तारेच्या स्वतःच्या वाटेत खडा आहे की नाही हे त्याला दिसतच नाही. तेव्हा लोड लावून मोजा, आणि फॉल्ट चालू असतानाच मोजा. माझे तीन आठवडे याच दोन गोष्टींमुळे गेले.

पुढचं सोपं. मधल्या जंक्शन बॉक्सवर गेलो, तिथपर्यंत अर्धा व्होल्टही पडलेला नाही, म्हणजे उरलेले पाच पुढच्या अर्ध्यात. त्या टप्प्यात एका मोरीवरून केबल लोखंडी पाइपातून जाते आणि मोरीच्या तोंडाशी एक जॉइंट होता, कधीतरी जेसीबीने केबल तोडली होती तेव्हा रात्री घाईत मारलेला. उघडला तर आत हिरवी बुरशी लागल्यासारखं तांबं. बाकीचे कोअर (केबलमधल्या एकेक तारा) बरे होते, आमच्या नशिबी आलेला कोअर सगळ्यात बाहेरचा. रीतसर डिस्कनेक्शन मेमो (सर्किट कामासाठी बंद करतोय असा लेखी कागद) देऊन जॉइंट नवीन केला, कॉइलवर २२.३ आले, आणि त्या उन्हाळ्यात परत फोन नाही आला.

हा किस्सा लांबला पण तुमच्या दहापैकी निदान सहा सात केसेस अशाच निघतील असं माझं मत आहे, जॉइंट नाहीतर टर्मिनल. वायरी जोडायच्या एआरए टर्मिनलचे नट गाड्यांच्या हादऱ्याने सैल होतात, तेही बघा. बॅटरी आणि चार्जर पण बघा, कारण काठावर पास होणाऱ्या सर्किटला फीड दीड व्होल्टने उतरला तरी पुरे. बॉक्सचा दरवाजा नीट लागत नसेल तर आत मुंगळे, पाली, गांधीलमाशीचं घर, उंदराने कुरतडलेलं इन्सुलेशन, सगळं सापडतं, मी एकदा टर्मिनलवर आडवी पडलेली पाल काढलीय, बिचारी वाळून कडक झाली होती. आयपीएसवर (सिग्नलला वीज पुरवणाऱ्या युनिटवर) अर्थ लीकेजचं, म्हणजे जमिनीकडे गळतीचं, इंडिकेशन येत असेल तर त्याकडे दुर्लक्ष करू नका, बाहेरच्या सर्किटचा फीड आतल्यापासून वेगळा ठेवलेला असतो तो यासाठीच की बाहेर कुठे गळती झाली तर कळावी आणि आत पसरू नये. "ते नेहमीच येतं" असं म्हणून इंडिकेशन दाबून ठेवणारे महाभाग मी पाहिलेत.

आता नंबर तीन, डोळा मारणं. यात वायरबियर सगळं ठीक असतं तरी होतं. मेन सिग्नल आधी पिवळा झाला, रिपीटर हिरवा झाला. मग पुढचा मार्ग मिळाला म्हणून मेन पिवळ्याचा हिरवा झाला. या बदलात एचईसीआर पडतो आणि डीईसीआर उचलतो, मधे क्षणभर दोघेही खाली. रिपीटरचा फीड जर फक्त या दोघांच्या काँटॅक्टमधून येत असेल तर तेवढ्या क्षणात रिपीटरचा रिले पडतो, पिवळा चमकतो, परत हिरवा. आपल्याला वाटतं एवढ्याने काय होतं, पण वळणावर येणाऱ्या ड्रायव्हरला हिरव्याचा पिवळा झालेला दिसला की त्याच्या दृष्टीने पुढचा सिग्नल परत लाल टाकला गेला, तो ब्रेक मारणारच, आणि मारायलाच पाहिजे.

ओळखायचं कसं, तर डेटा लॉगरवर एचईसीआर पडल्याची आणि डीईसीआर उचलल्याची वेळ बघा आणि ड्रायव्हरने सांगितलेली वेळ त्याच्याशी जुळवा. प्रत्येक वेळी मेनचा ॲस्पेक्ट बदलतानाच होत असेल तर केबल खणायला जाऊ नका. इलाज म्हणजे तिथे हळू पडणारा, स्लो टू रिलीज रिले, किंवा सर्किटच असं की मधली फट भरून निघेल. मात्र हे ड्रॉइंग ऑफिसचं काम. कॉइलला गुपचूप कंडेन्सर लावून "फॉल्ट गायब" करणारे हुशार लोक असतात, मला पण एकदा तो मोह झाला होता, पण मंजूर ड्रॉइंगमध्ये नसलेली एक वस्तू पण सिग्नल सर्किटमध्ये घालायची नाही. आज तुम्ही तो रिले अर्धा सेकंद धरून ठेवलात, उद्या कंडेन्सर कोणी बदलला आणि तो पाच सेकंद धरून बसला, म्हणजे मेन लाल झाल्यावर पाच सेकंद रिपीटर हिरवा. वर सांगितलेला पाचवा प्रकार आपणच तयार केला ना मग. लेखी कळवा, मागे लागा, वेळ लागतो पण होतं.

चौथा प्रकार, दिसत नाही. हा आपण सर्किटमध्ये शोधत बसतो आणि तो असतो झाडात. जून ते सप्टेंबर कटिंगमधलं गवत आणि घाणेरी अशी माजते की महिन्यापूर्वी दिसणारा सिग्नल अर्धा झाकला जातो. पश्चिमेकडे तोंड असेल तर संध्याकाळचं ऊन थेट लेन्सवर, जुन्या बल्बच्या सिग्नलमध्ये तर विझलेली लेन्स पण पेटल्यासारखी भासायची, म्हणून लेन्सवरचा हूड (सावलीची टोपी) नीट आहे का, वाकलाय का ते बघा. लेन्सवर धूळ, डिझेल इंजिनाच्या काळात तर काजळी. आणि खांब जरासा फिरला किंवा युनिटचा फोकस हलला तर खाली उभ्या माणसाला झक्क दिसतं पण वळणावरच्या ड्रायव्हरला नाही. हे खांबाखालून कळणार नाही, इंजिनात बसूनच बघावं लागतं, लोको इन्स्पेक्टर आणि ट्रॅफिकवाल्यांना सोबत घ्या, सायटिंग कमिटी त्यासाठीच असते. आमच्या एका रिपीटरला खांब दोन अंश फिरवून महिन्याची कटकट गेली होती.

ड्रायव्हर लोकांशी बोला हो, हा वेगळा मुद्दा म्हणून सांगतो. कम्प्लेंट बुकात तीन शब्द असतात, पण चहा पिताना विचारलं तर माणूस सांगतो की पिवळा कुठल्या खांबाजवळ दिसला, किती वेळ, आर पेटलेला होता का, पाऊस होता का. आर पेटलेला नव्हता हे एक वाक्य मला एकदा अर्ध्या दिवसाचं काम वाचवून गेलं, कारण मग दिव्याचा फीडच गेला होता हे उघड होतं.

शेवटचं, जे काही बदलाल त्याची नोंद करताना आकडे लिहा. "ठीक" लिहू नका. पाठवणाऱ्या टोकाला किती व्होल्ट, कॉइलवर लोडसकट किती, वेळ किती, ऊन होतं की पाऊस. आणि हा एक आकडा तुमच्या सेक्शनमधल्या प्रत्येक रिपीटरचा आजच, सगळं चांगलं चालू असताना घेऊन ठेवा, दुपारचा आणि पहाटेचा दोन्ही. आमच्या त्या मोरीवाल्याचा जुना आकडा कोणाकडेच नव्हता, नाहीतर १९.६ बघून मी पहिल्याच सकाळी जॉइंट शोधायला निघालो असतो.